कॉलेजची गाडी

आमच्या सरकारी कॉलेजच्या सूचनाफलकासमोर एक बाई उभ्या होत्या. डोक्यावर पदर, हातात दवाखान्याची पिशवी. मला वाटलं, मुलीचा निकाल बघायला आल्या असतील.

"सर, दिवाळीची सुट्टी कधी लागतीय?"

"सोमवारपासून. का हो?"

"कॉलेज बंद झालं की आमची एसटी बंद होतीय. मालकांना आठवड्यातनं दोनदा डायलिसिसला आणावं लागतं."

सुट्टी तीन आठवड्यांची आहे, हे मला सांगावं लागलं.

आम्ही या भागाला काय दिलं, यावर मी दरवर्षी भाषण ठोकतो. दिली ती ही एक गाडी, आणि तीही सुट्टीत काढून घेतो.

सुट्टी संपल्यावर पहिली गाडी फाटकाशी थांबली. शेवटची मुलगी उतरेपर्यंत मी बघत राहिलो. दवाखान्याची पिशवी काही उतरली नाही.