शेंदूर लावलेल्या रिमा

आमच्या ह्यांनी मुरारच्या लष्करी लिलावातून जुनी जीप आणली तेव्हा मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी बोलले, कारण मला तिच्यात बसायचं होतं.

पुढे छप्पन साली मध्य भारत हे जुनं राज्य जाऊन नवं झालं, राजधानी भोपाळला गेली आणि ह्यांचं बांधकाम खात्याचं ऑफिस टेबल-खुर्च्यांसकट तिकडे निघालं. ग्वाल्हेरला आमच्या दौलतगंजात निम्म्या घरांत रडारड चालू होती. मी मात्र मनातल्या मनात फुगड्या घालत होते. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि आता कुठे माझं स्वतःचं घर मिळणार होतं! दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर. अट एकच, अमुक सोमवारी सकाळी भोपाळात हजर व्हायचं. नाहीतर क्वार्टर यादीतल्या पुढच्या माणसाला.

घरात तिसरे मामंजी, म्हणजे माझे सासरे. त्यांचा उभा जन्म संस्थानच्या मोटारखान्यात गेला. संस्थान विलीन झालं, मोटारखान्याला कुलूप लागलं, आणि तेव्हापासून ते ओट्यावर खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना नावं ठेवत बसत. ते ग्वाल्हेर सोडणं शक्यच नव्हतं. निदान आम्ही दोघांनी तसं परस्पर ठरवून टाकलं होतं आणि गावातच, गोरखीत, माझ्या दिरांकडे त्यांची सोय लावली होती.

निघायला पंधरा दिवस उरले असताना मामंजींनी जीपच्या एका चाकावर काठी आपटली. गंजाचे पोपडे खाली पडले.

"या रिमा घेऊन भोपाळला जाणार तू? लोक म्हणतील, ग्वाल्हेरचे भिकारी आले."

झालं! जीप विटांवर चढली. ह्यांनी टायर उतरवले आणि चारही रिमा आधी तारेच्या ब्रशने, मग काचपेपरने घासल्या. ह्यांची बोटं सोलली, माझं घासलेट संपलं, आणि मामंजी खुर्चीवरून "अजून घास, अजून काळं दिसतंय" म्हणत राहिले. शेवटी त्यांनी स्वतः जवसाच्या तेलात शेंदूर कालवला आणि अस्तराचा हात दिला. गंजावर शेंदरासारखं औषध नाही, म्हणे. तो वाळला की वर हिरवा रंग द्यायचा. ग्वाल्हेरची थंडी, वाळायला चार दिवस तरी हवेत, म्हणून रिमा गल्लीतल्या निंबाला टेकवून ठेवल्या.

आता तुम्हीच सांगा, गोल गरगरीत, शेंदरी, निंबाखाली, आणि वर शनिवार उजाडलेला. लोकांनी काय करावं?

सकाळी बघते तर चारही रिमांवर तेल आणि एकीच्या गळ्यात रुईची माळ! दहा वाजेपर्यंत नारळ फुटले. समोरची हलवाईण दुकानातला चांदीचा वर्ख घेऊन आली आणि तिने प्रत्येक रिमेला दोन-दोन डोळे चिकटवले. चार मारुती एका रांगेत माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. मी हसून हसून ओट्यावर बसले. मामंजी गंभीरपणे म्हणाले, "तेल पडलं. आता यावर रंग धरायचा नाही. पुन्हा घासा."

ह्यांनी पुन्हा घासलं. पुन्हा शेंदूर. मी म्हटलं, अंगणात ठेवा. मामंजी म्हणाले, अंगणात ऊन कुठंय? रिमा पुन्हा निंबाखाली. मराठी लोकांचा मारुती शनिवारचा, पण हिंदी लोकांचा मंगळवारचाही असतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मंगळवारी पुन्हा तेल, पुन्हा डोळे!

आता मात्र माझं टाळकं सरकलं. मी तडक हलवाइणीच्या दारात गेले आणि म्हटलं, माझं क्वार्टर बुडालं तर तुमच्या कढईत राहायला येईन. ती बिचारी कानाला हात लावून म्हणाली, "बहूजी, हमने तो सिर्फ आँखें लगाईं। तेल तो पहले से चढ़ा था।"

मी रिमेला बोट लावून वास घेतला. सगळा मोहल्ला सरसोंचं तेल वापरतो. हे तिळाचं होतं. गल्लीत तिळाचं तेल एकाच घरात येत होतं, माझ्या!

ह्यांनी तिसऱ्यांदा घासून शेंदूर लावला, तोवर निघायचा शनिवार आला. मी पहाटेच उठून दाराआड उभी राहिले. उजाडता उजाडता मामंजी आले, कानाला मफलर, हातात माझी तेलाची बाटली.

"मामंजी! शोभतं का हे तुम्हाला? आज निघालो नाही तर क्वार्टर जाईल माझं!"

ते दचकले. बाटली मागे लपवली, मग पुन्हा पुढे घेतली.

"मला कुणी विचारलंच नाही," ते म्हणाले.

"काय विचारायचं?"

"येता का, म्हणून."

मला एकदम रडूच आलं. इतकी लाज वाटली की काय सांगू. सहा वर्षं मी त्यांना रोज विचारत आले, चहात साखर बरोबर आहे ना. आणि हे एवढं विचारायला जीभ उचलली नाही.

"येता का, मामंजी?"

"बघू," म्हणाले. आणि लगेच आत तोंड करून ओरडले, "अरे उठ! टायर चढव! नुसत्या अस्तरावर गाडी चालते, काही धाड भरत नाही!"

दोन तासांत जीप चाकांवर उभी. देव निघाले म्हणून हलवाइणीने डोळ्यांना पदर लावला. पुढच्या सीटवर मामंजी, मागे भांड्यांवर मी. शिवपुरीत एका म्हातारीने चाकांना हात जोडले, तर मामंजींनीच नमस्कार घेतला.

पुढे गुना गावी चहाला थांबलो तेव्हा मला आठवलं. सकाळच्या धांदलीत मी त्यांचं सामान बांधायला खोलीत गेले होते, तर गाठोडं खाटेखाली बांधून तयार होतं. वर हिरव्या रंगाचा डबासुद्धा.

"गाठोडं कधी बांधलंत?" मी विचारलं.

"रिमेवर काठी मारली ना, त्याच्या आदल्या दिवशी," ते म्हणाले आणि साखर कमी आहे म्हणून चहावाल्यावर ओरडले.