अकरा घरांची एक चूल

ते पातेलं पालघरजवळच्या माहीमहून बैलगाडीतून आलं होतं. तिथल्या एका समाजाची लग्नकार्याला लागणारी भांडी होती, त्यातलं सगळ्यांत मोठं. कड्यांत बांबू घालून दोन माणसांनी उचलावं लागे. त्याच्यामुळे बोईसरात लोक आम्हाला ‘पातेलेवाले’ म्हणायला लागले. आमच्या मंडळाला दुसरं नाव नव्हतंच. मंडळ म्हणजे तरी कोण, तर एक निवृत्त हेडमास्तर, बाजारात सुकी मासळी विकणारी तारापूरकडची एक मावशी आणि मी, प्राथमिक शाळेतली मास्तरीण. लागेल तेव्हा हात लावायला आणखी दोघेचौघे येत. अजूनही एखादं जुनं माणूस भेटतं आणि म्हणतं, ‘बाई, काय काम केलंत हो तुम्ही तेव्हा!’ माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. काय काम केलं ते आज लिहूनच टाकते.

साठ साल उलटून काही वर्षं झाली होती. समुद्राच्या बाजूला वीज तयार करायचं मोठं काम निघालं होतं. बोईसर स्टेशनावर हिंदी बोलणारे मजूर उतरायला लागले, रस्त्याने ट्रक धावायला लागले, आणि ज्या माळाकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं त्याला भाव आला. उमरोळी आणि बोईसर यांच्यामध्ये एका बड्या जमीनमालकाचा असाच एक माळ होता. त्यावर कुडाच्या भिंती आणि गवती छपरं अशा अकरा झोपड्या होत्या. त्या लोकांचे आजे डोंगराकडून मजुरीला आलेले. मालकाच्या शेतात राबायचं आणि मालकाच्याच माळावर राहायचं, असं दोन पिढ्या चाललं होतं. आता माळ एका ठेकेदाराला सामान टाकायला हवा झाला. मालकाने त्यांना आठ दिवस दिले आणि नवव्या दिवशी झोपड्या पाडल्या. भात झोडून कणगीत पडल्यावर पाडल्या, आधी नाही. तेवढी अक्कल त्याला होती. पुढे या माणसाने आमच्या शाळेला भिंतीवरचं घड्याळ दान दिलं. त्या घड्याळाखाली मी इतकी वर्षं शिकवलं, पण त्यात कधी वेळ पाहिली नाही.

ती माणसं बोचकी घेऊन स्टेशनाबाहेर बसलेली पहिल्यांदा मावशीने पाहिली. टोपली डोक्यावर तशीच ठेवून ती माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली.

“मास्तरीनबाय, तिकडं मानसं उगड्यावर बसलीत, नि तुमी हितं पाडे काय घोकताव?”

आमचं मंडळ त्या दिवशी सुरू झालं.

रुळांपलीकडे गवताची वखार होती. सुक्या गवताच्या गाठी बांधून तिथून रेल्वेने मुंबईला जात. वखारवाल्याची एक शेड रिकामी पडली होती. हेडमास्तरांनी शब्द टाकला आणि त्याने ती दिली. अट एकच होती, शेडमध्ये कुणी विस्तव पेटवायचा नाही. पेटवायचा तर गंजींपासून लांब, उघड्यावर, एकाच जागी. अट रास्त होती. एक ठिणगी उडाली असती तर वखारीसकट सगळं गेलं असतं. म्हणून आम्ही मोठे दगड आणून एक लांबलचक चूल मांडली, माहीमचं पातेलं आणलं आणि अकरा घरांचं जेवण एकत्र शिजायला लागलं. तांदूळ आम्ही दारोदार फिरून आणायचो, मावशी जवळा नि बोंबील आणायची. कुणी कुणाच्या हातचं खायचं नाही असे ते दिवस. आमच्याकडे सगळे एका पंगतीला बसत, आम्हीही बसायचो. हेडमास्तरांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी तर पार शेफारून गेले होते. हातात मोठा डाव घेऊन पातेल्यापाशी उभी राहिले की आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

त्या अकरांत एक विधवा होती. वय माझ्याएवढंच, पंचविशीचं. पदरी एक लहान मुलगी. नवरा विंचू चावून गेलेला. तिच्या बोलीत सगळ्यांनाच ‘तू’ म्हणत, हे मला पुढे कळलं. पहिल्या दिवशी तिने मला ‘तू’ म्हटलं तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

चौथ्या दिवशी पाहिलं तर तिने नाल्याच्या पलीकडे, करंजाच्या झाडाखाली तीन दगड मांडले होते. वर मडकं होतं आणि खाली धूर.

“हे काय?” मी विचारलं.

“माजी चूल हाय.”

“अगं, पण जेवण तर इथे मिळतं. तुझ्यासाठी वेगळं कशाला?”

“जेवन तुजं हाय. चूल माजी.” ती फुंकणीतून फुंकत राहिली. मग मान वर करून तिने मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, “बाय, चूल हाय तं घर हाय. चूल नाय तं मानूस नुसता बसलेला हाय.”

मी त्या दिवशी परत फिरले. पण मला ते खुपायला लागलं. ती रोज आमच्या पातेल्यातला भात घ्यायची, तो नाल्यापलीकडे न्यायची आणि आपल्या मडक्यात परत गरम करून खायची. हा माझ्या डावाचा अपमान होता असं मला वाटे. इतर बायकाही तिच्याकडे बघायला लागल्या. उद्या प्रत्येकीने वेगळी चूल मांडली तर आपली पंगत मोडणार, शिस्त मोडणार, असं मी हेडमास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, “तुम्ही समजावा.” मावशी म्हणाली, “दुसरीच्या चुलीला हात नको लावू बाय, बरं नसते ते.” मी तिला अडाणी ठरवलं.

एका रविवारी सकाळी मी बादली घेऊन नाल्यापलीकडे गेले आणि तिच्या चुलीत पाणी ओतलं. वखारवाल्याची हरकत नव्हती, नाला मध्ये होता, गंजी कुठच्या कुठे होत्या. आगीची भीती हे माझं फक्त निमित्त होतं. राख उडून तिच्या मुलीच्या तोंडावर गेली. त्या बाईने पदराने मुलीचं तोंड पुसलं. दगड मात्र तिने उचलले नाहीत. ते ओले, काळे तसेच राहू दिले आणि त्या दिवसापासून ती पंगतीला येऊन बसायला लागली. मला वाटलं, मी जिंकले.

याच सुमाराला एक चांगली बातमी आली. जवळच्या एका गावात बेघर मजुरांना गावठाणालगत घरासाठी जागा द्यायचं चाललं होतं. दर घराला जमिनीचा एक तुकडा. या लोकांना पावसाळ्याआधी डोक्यावर छप्पर हवं होतं, कारण वखारवाल्याने शेड मिरगापर्यंतच दिली होती. आम्ही पालघरच्या कचेरीत अर्ज केला. मजकूर हेडमास्तरांचा आणि अक्षर माझं. एक वाक्य मात्र मी माझ्या पदरचं घातलं आणि त्याचा मला कोण अभिमान होता! ‘ही सर्व माणसे भेदभाव विसरून एकाच चुलीवर शिजलेले अन्न खातात व एकाच कुटुंबाप्रमाणे राहतात.’

शिमगा होऊन गेल्यावर पाहणीला एक कारकून आला. सायकलवरून आलेला, घामाघूम, खाकी पिशवीत कागद. मी पातेल्यापाशीच होते. त्याला मी पाणी दिलं, बसायला गवताची गाठ दिली. त्याने शेडमध्ये डोकावून पाहिलं, माणसं पाहिली आणि मला विचारलं, “चुली किती?”

हा प्रश्न ऐकून माझा ऊर भरून आला. हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, पण खरं तेच सांगते. मी म्हटलं, “एकच! माणसं अकरा घरांची, पण चूल एकच.”

त्याने लिहून घेतलं.

ती बाई पुढे आली. “माजी हाय,” ती म्हणाली आणि तिने नाल्यापलीकडे बोट दाखवलं. “ती बग. ती माजी.”

कारकुनाने कपाळावर आडवा हात धरून तिकडे पाहिलं. तीन दगड दिसत होते. “पेटते का?” त्याने तिला नाही, मला विचारलं.

“छे छे,” मी म्हटलं. “सगळे इथेच जेवतात.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला ठाऊक होतं. डोंगराकडे घरं मोजतात ती चुलींवरून, भिंतींवरून नव्हे, आणि सरकारही तसंच मोजतं. ते शाळेत न गेलेल्या बाईला ठाऊक होतं, आणि ट्रेनिंग कॉलेज करून आलेल्या मला नव्हतं.

यादी लागली. एक चूल, म्हणून एक कुटुंब, म्हणून एक तुकडा. तो सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या नावावर. बाकी दहा घरांच्या तोंडाला पानं पुसली. तुकडा एवढासा की म्हाताऱ्याची मुलं-सुनासुद्धा त्यात मावेनात.

हेडमास्तर आणि मी पालघरला गेलो. साहेब सज्जन होता. असल्या सज्जन माणसांचा मला आज सर्वांत जास्त राग येतो, कारण त्यांच्यावर ओरडताही येत नाही. त्याने आम्हाला चहा मागवला. मी सांगितलं, मोजणी चुकली, फेरमोजणी करा, ती घरं अकरा आहेत. त्याने फाइल काढली, पानं उलटली आणि आमचाच अर्ज आमच्यापुढे ठेवला.

“अक्षर तुमचंच ना, बाई? सुरेख आहे.” मग त्याने ते वाक्य मोठ्याने वाचलं. एकाच चुलीवर. एकाच कुटुंबाप्रमाणे. “तुम्हीच लिहून दिलंय. आता मी याच्या उलट वर काय कळवू?”

मी टेबलावर हात आपटला. चहा सांडला. मी म्हटलं, “तुम्हाला डोळे नाहीत का? साठ माणसं एका कुटुंबात असतात का?” त्याने शांतपणे टिपकागदाने अर्जावरचा चहा टिपला. हेडमास्तर मला दंडाला धरून बाहेर घेऊन आले. येताना गाडीत ते म्हणाले, “आपण आपल्या परीने केलं.” त्यांच्याशी मी पुढे वर्षभर बोलले नाही. त्या बिचाऱ्यांची एवढी चूक नव्हती, पण मला कुणावर तरी चिडायचं होतं. आरशात बघून चिडायची हिंमत अजून आली नव्हती.

शेडमध्ये जाऊन सांगायचं काम माझंच होतं. मी सांगितलं. पुरुष माना घालून बसले. एक म्हातारी मलाच म्हणाली, “तू जेवली का बाय?” ती बाई कोपऱ्यात मुलीच्या उवा काढत होती. तिने फक्त एवढंच विचारलं, “आता माजी चूल पेटवू?”

 मी तिथून उठून बाहेर आले.

मिरगाच्या आधी शेड रिकामी झाली. कुणी वीटभट्टीवर गेलं, कुणी खडी फोडायला, कुणी समुद्राकडच्या कामावर. ती बाई कुठे गेली कुणालाच सांगता येईना. पातेलं आम्ही घासूनपुसून माहीमला परत पाठवलं. त्यांनी निरोप धाडला, आमच्या भांड्याचं सोनं झालं. मी निरोप आणणाऱ्याला घालवून दिलं.

मालक, कारकून, साहेब या तिघांवर मी आयुष्यभर दातओठ खात आले, आणि ते बरोबरच आहे. घर मोजायला आलेला माणूस माणसं न बघता दगड बघतो, याला माफी नाही. पण ते दगड थंड कुणी केले होते?

साताठ वर्षांनी, सत्तर साल उलटल्यावर, बेटेगावच्या रस्त्याने मी दुपारची चालत येत होते. एका नव्या कारखान्याचं कुंपण उठत होतं. कुंपणाच्या सावलीत फाटकं कांबळं टांगून कुणी संसार मांडला होता. पुढे तीन दगड, वर मडकं, पेजेचा वास. चुलीपाशी ती होती. केस पिकायला लागले होते. शेजारी काटक्या मोडत बसलेली मुलगी आता हाताशी आली होती. मी ओळखलं, तिनेही ओळखलं. तिने मला कांबळ्याच्या सावलीत बसायला जागा केली. मी विचारलं, “इथे किती दिवस?” ती म्हणाली, “उटवत नाय तोवर.”

ऊन मी म्हणत होतं आणि माझ्या घशाला कोरड पडली होती. चुलीशेजारी पाण्याचा तांब्या होता. मी तो उचलला.

तिने झटकन माझं मनगट धरलं. मुलीनेही हातातली काटकी टाकली आणि ती दोन्ही हात पसरून चुलीच्या आडवी झाली.

“बाय,” तिची आई म्हणाली, “पानी नको वतू.”