घोटलेला खड्डा

मिस्त्रींनी तीस वर्षांत लोकांच्या किती सेप्टिक टाक्या बांधल्या याची गणती नाही, आणि स्वतःच्या टाकीच्या परवानगीपायी मात्र त्यांच्या नाकी नऊ आले. माळावरच्या त्यांच्या घराचा संडास पार बांधाच्या टोकाला. बायकोच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि तेवढं चालणं तिच्या आवाक्यात राहिलं नाही. ती लेकीकडे होती. घरात संडास झाला की येणार होती.

सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं म्हणतात. इथे नकाशा, जमिनीचे कागद आणि विहिरीपासूनचं अंतर यांतच सात गेले. शेवटी उरली जमिनीत पाणी मुरण्याची चाचणी. पूर्वी असलं काही कोणी मागत नसे. आता अर्जदारानं खड्डा खणायचा आणि साहेबांनी येऊन त्यात पाणी ओतून घड्याळ लावायचं.

मिस्त्रींनी खड्डा असा खणला की बघत राहावं. ओळंबा लावून बाजू सरळ केल्या, तळ धुम्मसानं ठोकला आणि ओल्या मातीवर थापी फिरवून भिंती गुळगुळीत घोटल्या. साहेबांना ओबडधोबड काम कसं दाखवायचं?

पाणी ओतलं. अर्धा तास झाला तरी ते जिथल्या तिथे.

"जमिनीत पाणी मुरत नाही. नामंजूर," म्हणत साहेब लिहू लागले.

मिस्त्रींनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो साहेब, जमीन चांगली आहे! थापीनं घोटून तिची छिद्रं मीच बुजवली. शेजारी दुसरा खणतो, थोडं थांबा."

"नोंद एकाच खड्ड्याची होते. पुन्हा अर्ज करा. तीन महिन्यांनी नंबर लागेल."

"पण चूक माझ्या हाताची आहे, मातीची नाही!"

"तसं लिहायला रकाना नाही हो."

साहेबांची गाडी गेली. ज्या हातांचं जन्मभर कौतुक झालं, त्यांचाच मिस्त्रींना संताप आला. थापी भिरकावून त्यांनी चार पावलांवर कुदळीनं वेडावाकडा खड्डा पाडला, बादली ओतली आणि घड्याळ बघत उकिडवे बसले. नऊ मिनिटांत पाणी गायब. बघायला कोणी नाही.

फोन वाजला. "अहो, झालं का? मी पिशवी भरून बसलेय."

"मुरलं गं," मिस्त्री म्हणाले. "नऊ मिनिटांत मुरलं." पुढचं त्यांना सांगवेना.