दहा पावलांवरचा शर्ट

मुलगी बघायला जायचं म्हणून मी पडद्याचं कापड घेऊन मास्टरांच्या शिंपीदुकानात शर्ट शिवायला गेलो. गुलमंडीवरच्या सेलमध्ये ते मिळालं होतं. पिवळ्यावर ताटाएवढी लाल फुलं. मास्टरांनी ते टेबलावर पसरलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "खिडकी कित्ती बडी है?" मला वाटलं, शिंपी लोक छातीचं माप असंच विचारत असतील. मी छाती फुगवून उभा राहिलो.

"नक्को बाबा," मास्टर म्हणाले. "तुम काडी के माफिक. लोगां बोलेंगे, फुलां आ रइं, आदमी कां है?"

मास्टर मूळचे शेरवानीवाले. पोलीस ॲक्शननंतर नबाबी गेली, ती गिऱ्हाइकं पांगली आणि ते शर्टांवर आले, पण शेरवानीची अदब त्यांनी शर्टालाही सोडली नाही. चौकडीच्या शर्टाला खिसा असा लावत, की रेघेला रेघ भिडून खिसा दिसायचाच नाही. पेन ठेवायला मी कितीदा तरी स्वतःचीच छाती चाचपली आहे.

त्या दिवशी मी त्यांना सगळं सांगून टाकलं. दोन घरांतून नकार आला होता. ही तिसरी, करमाडची. आणि फोटो पाहून मी मनातल्या मनात होकार देऊन बसलो होतो.

मास्टरांनी मशीन थांबवलं. "लडकी कित्ती दूर बैठेगी?"

"बैठकीच्या त्या टोकाला."

हातातलं काम टाकून ते माझ्यासोबत कापडाच्या दुकानात आले. प्रत्येक ठाण माझ्या खांद्यावर टाकायचे, मला पायरीवर उभं करायचे आणि रस्त्यात दहा पावलं मागं जाऊन बघायचे. सायकलवाले घंट्या वाजवून शिव्या घालत वळसा घेत होते. उभे पट्टे त्यांनी उडवून लावले: "और लंबे दिखते तुम." शेवटी फिकट निळी, बारीक चौकडी पसंत पडली. त्यावर माझी चौकड्यांचीच पँट घालतो, असं मी अक्कल पाजळून म्हणालो.

"दोनों मिलके बोले तो सुनना किसका?" मास्टर म्हणाले. पँट साधी, राखी रंगाची ठरली.

करमाडला मी मुलीला नाव विचारलं. तिनं सांगितलं. घाबरून मी पुन्हा नावच विचारलं. तिसऱ्यांदा तोंड उघडणार तोच सोबत आलेल्या मामांनी माझ्या मांडीला चिमटा काढला. तरी चार दिवसांनी होकार आला.

त्यानंतर तीसेक वर्षं मी दुसऱ्या कुणाच्या हातचा शर्ट घातला नाही. माझं पोट सुटत गेलं, तसे मास्टर मला हळूहळू चौकडीवरून उभ्या पट्ट्यांवर घेऊन आले. पोटाबद्दल मात्र कधी चकार शब्द काढला नाही. माणसाची एवढी लाज राखणारा दुसरा कुणी मला भेटला नाही.

पुढं मास्टरांची नजर अधू झाली आणि त्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं. आम्ही नवरा-बायको भेटायला गेलो. त्यांच्या गळ्यात टेप तशीच होती. मी आभाराचं लांबलचक काहीतरी बोलू लागलो. मास्टर बायकोकडे वळले. "भाभी, सच बोलो. उस दिन इनमें क्या देखके हौ बोले?"

"शर्ट," ती म्हणाली. "वाटलं, ह्यांच्या घरात कुणीतरी शहाणं माणूस दिसतंय. लग्न होऊन आले, तं घरात तसं कुणीच नाय. मग कळलं, ते इथं बसतं."