शारं शंपलं

मंगळवारच्या भर बैठकीत मार्कीजबाईंच्या कादंबरीतल्या नायिकेचा मी घात केला. ती तशी मरणारच होती, पण लोकांना रडवून. मी तिला हशात मारली.

एरवी वाचन बाईंकडचे पाद्री, आबे, करायचे. त्यांचा घसा बसला आणि "मी आहे की!" म्हणत मी पुढं सरसावलो. मी बाईंचा लेखनिक, शाळा शिकलो ती ओव्हेर्नच्या डोंगरातल्या गावात. आमच्याकडं 'स'चा सरसकट 'श' होतो, आणि पॅरिसमध्ये हा 'श' ऐकू येतो तो दारोदार पाणी घालणाऱ्या पाणक्यांच्या तोंडी. तेव्हा मरणपंथाला लागलेली राजकन्या माझ्या तोंडून "शारं शंपलं, शखे! शोड मला!" म्हणाली, आणि दिवाणखाना हशानं फुटला.

शेव्हालिए द ब्रिसे डोळे पुसत म्हणाले, "मादाम, मरण्याआधी राजकन्या दोन बादल्या वर आणून देईल का?" या गृहस्थांनी नाक मुरडलं की पुस्तक गेलंच म्हणून समजा. आणि हे पुस्तक म्हणजे बाईंची तीन वर्षांची मेहनत.

मार्कीजबाई साठीच्या. घराण्याला कमीपणा नको म्हणून पुस्तकावर नाव घालत नसत, पण कुणी ओळखलं नाही तर दोन दिवस जेवतही नसत. डावा कान बहिरा, म्हणून रटाळ कवींची खुर्ची नेहमी डावीकडं.

"हसा, पोटभर हसा," त्या म्हणाल्या. "या पोरीचं एक वाक्य मला खरं वाटत नव्हतं. आत्ता वाटलं. शेव्हालिए, महिन्यानं या. याच वाक्यावर तुम्हाला रडवते."

"आणि नाही रडलो तर?"

"तर लेखणी ठेवते आणि तुमचे मोजे विणते."

महिनाभरात राजकन्येची पाणक्याची बायको झाली. मी आईच्या बोलीत बोलायचो, बाई लिहायच्या, खोडायच्या.

"तुझी आई खरंच अशी बोलते?"

"हो मादाम, पण हात झटकून."

"मग हात आधी का नाही सांगितलास, गाढवा!"

ठरल्या मंगळवारी मीच वाचलं. "शारं शंपलं" आलं, बायकोनं हात झटकला. कुणी हसलं नाही. शेव्हालिए रुमालात तोंड खुपसून बसलेले.

"तपकीर गेली डोळ्यात," ते पुटपुटले.

"अय्या! आम्ही नाकात ओढतो," बाई म्हणाल्या.

मोज्यांचं संकट टळलं. खुशीत येऊन बाईंनी मला शब्द दिला, "गास्पार, तुझा 'स' मी स्वतः सुधारून देईन."

अजून सुधारून दिलेला नाही. आठवण केली की म्हणतात, "दुसरी कादंबरी होऊ दे रे."