कार्ट्रिजवरचा लोड

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरात एकच प्रश्न होता, "आता कसं वाटतंय?" विचारणारे आमचे हे, उत्तर देणारी मी. आधी त्या प्रश्नाचा राग यायचा. मग भीती वाटायला लागली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

यांचं केजमध्ये मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, मधे एक दार. विहिरीवरच्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारी येतात, हे त्यांत नवी तांब्याची तार भरून देतात. तार काय, दुसरेही भरतात. लोक आमच्याकडे येतात ते यांच्या कानासाठी. मोटार चालू करून हे नुसतं ऐकतात आणि सांगतात, बेअरिंग गेलंय की चांगलं आहे. यांनी चांगली म्हटलेली मोटार लोक डोळे झाकून बोअरमध्ये सोडतात. एकदा खाली गेलेली मोटार परत वर ओढायची म्हणजे घरादाराचा घाम निघतो. तेव्हा यांच्या कानावर आमची चूल पेटते असं म्हटलं तरी चालेल.

तर या माणसाला एका बागायतदाराने रेकॉर्ड प्लेअर दिला. त्यांच्या मुलाने पुण्याहून हौसेनं आणला होता आणि आवाजच निघत नाही म्हणून माळ्यावर टाकला होता. यांनी उघडून बघितला आणि हसले. प्लेअर ठणठणीत होता. सुई ज्या छोट्या डबीत बसवलेली असते तिला कार्ट्रिज म्हणतात. हे कार्ट्रिज नाजूक प्रकारचं होतं, त्यातून निघणारं व्होल्टेज अगदीच चिमूटभर. ते ॲम्प्लिफायरला कळेल इतकं मोठं करायला मधे एक छोटा ट्रान्सफॉर्मर लागतो, त्याला स्टेप-अप म्हणतात. तो कुणी बसवलाच नव्हता.

"तार भरायचीच हाय, आपल्याला काय अवघड?" म्हणत यांनी स्टेप-अप घरीच बनवला. पहिला नुसता घुंघुं करत बसला. मग कुठून तरी चांगल्या पत्र्याचा गाभा पार्सलने मागवला, डोळ्याला भिंग लावून त्यावर केसासारखी तार भरली. मधेमधे तारेची टोकं बाहेर काढून ठेवली, म्हणजे आवाज किती पट वाढवायचा ते बदलता येईल. ज्या दिवशी प्लेअरबरोबर आलेल्या रेकॉर्डवरची गवळण पहिल्यांदा वाजली त्या दिवशी मी शिलाई मशीनवरून उठून दारात येऊन उभी राहिले. खोटं कशाला बोलू, लई छान वाटलं.

यांचं मात्र समाधान झालं नाही. "आवाज दबलाय," म्हणाले. "लोड जास्त होतोय."

लोड हा यांचा जुना दुश्मन. मोटार जळाली, लोड. तार गरम झाली, लोड. माझी कंबर दुखली तरी हे लोडच म्हणतील. मला समजावलं ते असं: स्टेप-अपने आवाज जितका जास्त वाढवावा, तितका उलटा भार त्या बिचाऱ्या कार्ट्रिजवर पडतो, लहान मोटारीला मोठा पंप जोडल्यासारखा. भार जास्त झाला की वरचे बारीक आवाज गुदमरतात. भार काढला की मोकळे होतात, आणि लईच काढला तर किंचाळतात. मधली जागा सापडली पाहिजे. हा भार कमी-जास्त करायला रजिस्टन्स नावाचे तांदळाएवढे तुकडे असतात. हे एक तुकडा काढायचे, दुसरा सोल्डर करायचे, गवळण लावायचे आणि मला हाक मारायचे. "आता कसं वाटतंय?"

"बरं हाय की. घुंगरू छान वाजतात."

"कुठले घुंगरू?"

मला वाटलं, चेष्टा करतायत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भार आणखी काढला. घुंगरू पुढे आले. मग आणखी काढला. टाळ कानात टोचायला लागले, गाणाऱ्या बाईने 'स' म्हटला की शिट्टी वाजायला लागली. मी पदर कानावर धरून म्हणाले, "अहो, दात आंबले माझे." तर म्हणतात, "तुला यातलं काय कळतंय? अजून दबलेलाच हाय."

मी काही गरीब गाय नाही. म्हणाले, "मग मला विचारता कावून? भिंतीला विचारा." त्यावरून आमचा अबोला झाला. अबोल्यातही गवळण चालूच होती. शेवटी त्यांनी एकूण एक रजिस्टन्स काढून टाकला, स्टेप-अपही सगळ्यात कमी वाढीवर आणला. आता मला त्या खोलीत बसवेना, आणि हे मात्र खुर्ची पुढे ओढून, भुवया गोळा करून ऐकतायत. मग निकाल दिला, "कार्ट्रिजच खराब हाय."

त्याच आठवड्यातली दुपार. मी ब्लाउजला हुक लावत होते. दुकानातून 'चर्र' असा बारीक आवाज यायला लागला, फोडणीत ओली मिरची पडावी तसा. हे बघतील म्हणून मी वाट बघितली. आवाज थांबेना. जाऊन बघते तर मोटारी तपासायच्या बोर्डावर एक वायर सुटत आलेली, तिच्या टोकाला निळी ठिणगी नाचतेय, आणि हे तिच्याकडे पाठ करून, वाकून, खाली पाना शोधतायत. शोधत शोधत मागे सरकतायत. मी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला.

"कावून बंद केलंस?"

मी बोटानं दाखवलं. वायरचं काळं पडलेलं टोक बघून त्यांचा चेहरा उतरला. पण म्हणाले काय, "आत्ताच झालं असंल."

आत्ता नव्हतं झालं. मी आतल्या खोलीत बसून ते ऐकत होते. कुकरची शिट्टी, मोबाईल, दूधवाल्याच्या सायकलची घंटी, ज्या ज्या वेळी हे 'लक्ष न्हवतं' म्हणाले होते ते सगळं एकदम आठवलं. कार्ट्रिज चांगलं होतं. लोडही पहिल्याच दिवशी बरोबर जुळला होता. मग दुकानातून या महिन्यात 'चांगली हाय' म्हणून गेलेल्या मोटारींचं काय? बेअरिंग कोरडं पडलं की आधी बारीकच ओरडतं, हे मला यांनीच सांगितलं होतं.

संध्याकाळी अबोला मीच मोडला. म्हणाले, "लावा तुमची गवळण. घुंगरू आले की मी बोट वर करते. बरोबर हाय का सांगा."

ते बसले. घुंगरू आले, मी बोट वर केलं, त्यांनी मान हलवली. परत आले, परत मान हलली. मग नुसती पेटी वाजत होती, घुंगरूचा पत्ता नव्हता, तेव्हा मी बोट वर केलं.

"हां," ते म्हणाले, "आता कसे खणखणीत येतायत."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती. वाटलं, हा माणूस असाच हसत हसत कुठल्या तरी वायरवर हात ठेवेल.

डॉक्टरकडे चला म्हटलं असतं तर हे उंबरा ओलांडते ना. लिंबागणेशला गणपतीचं दर्शन घेऊ म्हणून बाहेर काढलं, आणि दर्शन झाल्यावर म्हटलं, इथवर आलोच आहोत तर बीडला कान दाखवून घेऊ. हे भांडले नाहीत. त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

डॉक्टरांनी कान बघितले आणि तपासणीच्या खोलीत पाठवलं. तिथे काचेची एक बंद केबिन होती. यांना आत बसवून कानाला हेडफोन लावले, हातात बटण दिलं. मशीनवरची मुलगी म्हणाली, "काका, आवाज आला की दाबायचं. अगदी बारीक आला तरी दाबायचं." बटण दाबलं की बाहेर तिच्या मशीनवर दिवा लागायचा.

दिवा पटापट लागत होता. मुलगी म्हणाली, "छान आहे की काकांचं." मला इतकं हलकं वाटलं. उगाच घाबरलो, जाताना यांना पेढे घेऊ, असं मनात चाललं होतं. तेवढ्यात माझं लक्ष यांच्या डोळ्यांकडे गेलं. ते काचेतून मुलीच्या खांद्याकडे बघत होते. ती मशीनचं बटण दाबायची तेव्हा तिचा खांदा जरासा हलायचा. खांदा हलला की यांचा अंगठा हलायचा.

मला वाटलं, असू दे. होऊ दे पास. मग ती निळी ठिणगी आठवली, आणि मी मुलीच्या कानाशी वाकून म्हणाले, "ताई, त्यांना पाठमोरं बसवा."

खुर्ची फिरवताना त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. ती नजर मी विसरणार नाही.

मुलीने परत सुरू केलं. आधी जाड आवाज होते, दिवा लागला. परत लागला. मग ती बारीक आवाजांवर गेली. दिवा लागला नाही. तिने आवाज वाढवला. नाही लागला. आणखी वाढवला. मी मनात म्हणत होते, अहो दाबा की, दाबा. त्यांची मान ताठ होती, अंग जरासुद्धा हलत नव्हतं, शाळेत शहाणं पोर बसतं तसे बसले होते. दुसऱ्या कानाचंही तसंच झालं. मुलीने सगळं लिहून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि केबिनचं दार उघडलं.

हे वळले. एका कानावरचा हेडफोन बाजूला करून तिला म्हणाले, "ताई, जाड जाड झाले. ते बारीक आवाज कवा चालू करायचे? मी केव्हाचा वाट बघतोय."

मुलीने माझ्याकडे बघितलं. त्यांना सांगायचं कुणी, हे तिलाही कळेना.