उसने पाय

बंगळुरात आमच्या बसवनगुडीच्या गल्लीत फोटो स्टुडिओ चालवणारे अण्णा मूळचे बेळगावकडचे. वेगवेगळ्या गावांतल्या माणसांचे फोटो कॉम्प्युटरवर जोडून ते एक अख्खं कुटुंब उभं करतात, आणि तसं करताना पडद्यावरच्या माणसांशी बोलतात. "काकू, स्वल्प सरका की. जावयाला जागा द्या." काकू असतात नागपुरात. अण्णा माउस हलवतात आणि काकू निमूट सरकतात.

आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी आम्हा चौघांचा फोटो त्यांच्याकडे करायला दिला. पुण्याचा दादा बरीच वर्षं आलेला नव्हता आणि त्यानं पाठवलेला फोटो कमरेपर्यंतच होता.

"ह्याला पाय नाहीत," मी म्हटलं.

अण्णा उठले, स्टुडिओतल्या कापडी पडद्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी मला स्वतःच्या पायांचा फोटो काढायला लावला. करडी पँट, अंगठ्याच्या चपला, गुडघ्यांत जरासा बाक.

"जे. पी. नगरपर्यंत कितीतरी लोक माझ्या पायांवर उभे आहेत," ते म्हणाले. "पण प्रत्येक फोटोत उजेड वेगळ्या बाजूचा. म्हणून दरवेळी पाय ताजे लागतात."

फोटो घरी आणला. आई बराच वेळ दादाकडे बघत राहिली.

"पाय मात्र अगदी ह्यांच्यावर गेलेत त्याचे," शेवटी ती म्हणाली.

बाबांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि समाधानानं मान डोलावली.

तेव्हापासून स्टुडिओवरून जाताना मी अण्णांना जरा वाकूनच नमस्कार करतो.